मोटारीतले चार ओहम

घरातला एक जुना, चांगला स्पीकर आम्ही हौसेने मोटारीत बसवला. मूळच्या स्पीकरचा कागदी शंकू फाटला होता. नव्याचा आवाज मात्र दबका! दोष स्पीकरचा नव्हता. काढलेल्यावर ४ ओहम छापले होते, बसवलेल्यावर ८.

हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरचे पेटंट ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये घेतले. राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये त्याला आजचे रूप दिले. १९३० साली अमेरिकेत 'मोटोरोला' हा मोटारीतला रेडिओ आला. त्यातल्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत आणि स्पीकरशी जुळणी रोहित्र करून देई. १९५५ मध्ये पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ निघाला. पुढे रोहित्रही गेले, आणि स्पीकर थेट १२ व्होल्टच्या बॅटरीच्या मर्यादेत सापडला.

गणित करून पाहू. साध्या जोडणीत स्पीकरला शिखरावर फार तर ६ व्होल्ट मिळतात. साइन तरंगासाठी शक्ती = ६ × ६ ÷ (२ × रोध). म्हणजे ८ ओहमला २.२५ वॅट, ४ ओहमला ४.५ वॅट. व्होल्ट वाढत नाहीत, तेव्हा कमी रोध सोयीचा ठरला. नंतर दोन अ‍ॅम्प्लिफायर उलट कलेत जोडण्याची 'ब्रिज' युक्ती आली: शिखर १२ व्होल्ट, शक्ती चौपट, १८ वॅट. (इंजिन चालू असतानाचे जादा दोनेक व्होल्ट विद्यार्थ्यांनी धरून पाहावेत.)

मग २ ओहमचा का बसवू नये? प्रवाह दुप्पट होतो, आणि तेवढ्यासाठी न बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर तापून जळू शकतो.

मल्टिमीटरने ४ ओहमचा स्पीकर मोजला, तर साडेतीनच्या आसपास भरतो. मीटर दिष्ट प्रवाह वापरतो. छापलेला आकडा प्रत्यावर्ती प्रवाहाचा असतो.