मीर सुलतान खान आणि कापाब्लांका : हेस्टिंग्ज येथील एका डावाचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
दुय्यम मानल्या गेलेल्या खेळाडूचा विजय क्रीडेतिहासात बहुधा ‘चमत्कार’ म्हणून नोंदविला जातो. एकदा चमत्कार म्हटले की कारणमीमांसेची गरज उरत नाही. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे १९३०-३१ च्या स्पर्धेत मीर सुलतान खान यांनी होजे राऊल कापाब्लांका यांच्यावर मिळविलेल्या विजयाचा प्रस्तुत लेखात पुनर्विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
कापाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेते होते. सुलतान खान पंजाबातील मिठा टिवाणा येथील. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने ते १९२९ मध्ये इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी मिळविले. ज्या देशी पद्धतीने ते बुद्धिबळ शिकले, तीत प्याद्याला प्रारंभी दोन घरे चालण्याची मुभा नव्हती. जागतिक महासंघाने एलो गुणांकन १९७० मध्ये स्वीकारले. तोपर्यंत खेळाडूंची प्रतवारी प्रामुख्याने कीर्तीवर ठरत असे.

डावाचे स्वरूप :
सुलतान खान यांच्याकडे पांढरी मोहरी होती. एकविसाव्या चालीपासून कापाब्लांका यांनी दोन हत्ती देऊन वजीर घेतला. त्यांचा वजीर प्रतिपक्षाच्या गोटात शिरला खरा. परंतु तेथे त्याला लक्ष्य सापडले नाही व माघार घ्यावी लागली. त्यानंतर सुलतान खान यांनी घाई न करता दोन्ही हत्तींचे बळ वाढवीत नेले आणि पासष्टाव्या चालीस डाव जिंकला. हा विजय योगायोगाचा नव्हे, तर संयमाचा होता. स्पर्धेत मॅक्स युवे व कापाब्लांका यांच्या पाठोपाठ त्यांनी तिसरे स्थान मिळविले, हेही त्याचेच द्योतक होय.

निष्कर्ष :
इंग्रजी लेखनात सुलतान खान दीर्घकाळ ‘नोकर’ म्हणून रंगविले गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी या प्रतिमेस आक्षेप घेतला आहे. १९५० मध्ये महासंघाने प्रथमच ग्रँडमास्टर किताब दिले, तेव्हा स्पर्धांतून केव्हाच निवृत्त झालेल्या रुबिनस्टाइन यांचा समावेश झाला; सुलतान खान यांचा झाला नाही. १९६६ मध्ये सरगोधा येथे त्यांचे निधन झाले आणि सन्माननीय ग्रँडमास्टर किताब २०२४ मध्ये मिळाला. पटावरील निकाल त्याच दिवशी लागला होता. त्याची योग्य नोंद होण्यास मात्र नऊ दशकांहून अधिक काळ लागला. इतिहासाच्या अभ्यासकाने ‘चमत्कार’ हा शब्द वापरण्यापूर्वी या विलंबाचा विचार करणे आवश्यक आहे.