मूळ मॅक पत्ता (लिनक्स)

नेटवर्क कार्डाला कारखान्यातच दिलेला ४८ बिटांचा ओळखक्रमांक म्हणजे त्या कार्डाचा मूळ मॅक पत्ता होय. तो हेक्साडेसिमल पद्धतीच्या १२ अंकांनी लिहितात. सर्वसाधारण रचनेत त्यातील पहिले २४ बिट आयट्रिपलई ही संस्था उत्पादकाला नेमून देते. उरलेले उत्पादक ठरवतो.

चालू पत्ता व मूळ पत्ता

हा क्रमांक कार्डावरील स्मृतीत कोरलेला असतो. संगणक सुरू होताना ड्रायव्हर तो वाचून लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, सोपवतो. पुढील सर्व देवाणघेवाण कर्नेलकडील या प्रतीवरून चालते आणि ही प्रत बदलता येते. खासगीपणा जपण्यासाठी वाय-फाय जोडणीत यादृच्छिक पत्ता वापरला जातो. दोन कार्डे एकत्र बांधली की दोन्हींना सामान्यतः एकच पत्ता मिळतो. म्हणून पडद्यावर दिसणारा पत्ता मूळच असेल असे नाही. नोंदलेल्या पत्त्यांनाच प्रवेश देणाऱ्या नेटवर्कात हा भेद महत्त्वाचा ठरतो: नोंदवहीत यादृच्छिक पत्ता लिहिला गेला, तर तो बदलताच तोच संगणक परका ठरतो.

शोधण्याची रीत

'आयएफकॉन्फिग' ही जुनी आज्ञा केवळ चालू पत्ता दाखवते. मूळ पत्त्यासाठी 'एथटूल' या आज्ञेला कॅपिटल पी हा पर्याय व कार्डाचे नाव द्यावे लागते. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. 'आयपी लिंक' या आज्ञेच्या अलीकडच्या आवृत्त्या दोन पत्ते भिन्न असल्यास 'पर्मअ‍ॅडर' या शब्दापुढे मूळ पत्ता देतात. बांधलेल्या कार्डांचे मूळ पत्ते कर्नेलच्या 'प्रॉक' विभागातील बाँडिंगच्या नोंदीत सापडतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तेथेही हीच रीत चालते.

आज्ञा न देताही एक खूण उपयोगी पडते. पत्त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असल्यास तो पत्ता स्थानिक पातळीवर ठरवलेला असतो. याउलट मात्र खात्री देता येत नाही, कारण दुसऱ्या उत्पादकाचा खराखुरा पत्ताही कोणी उसना घेऊ शकतो.

मर्यादा

आभासी कार्डांना कारखान्याचा पत्ता नसतो. काही ड्रायव्हर मूळ पत्ता कर्नेलला कळवत नाहीत. तेव्हा 'एथटूल'कडून मूळ पत्ता मिळत नाही. शिवाय काही कार्डांवरील स्मृतीही पुन्हा लिहिता येते. त्यामुळे गुन्ह्याच्या तपासात केवळ या पत्त्यावरून संगणकाची ओळख पटली असे मानणे धाडसाचे आहे. कार्डावर चिकटवलेली छापील पट्टी शाबूत असेल, तर तीवरील क्रमांकाशी तो ताडून पाहता येतो.