पोटभर चाऱ्यातील उणीव

नेदरलँड्समध्ये वसंत ऋतूत गोठ्यातून कोवळ्या कुरणात सोडलेल्या दुभत्या गायी थरथरत, झटके येऊन कोसळत. चारा मुबलक असूनही त्या का दगावत? 1930 मध्ये शोलेमा आणि सेक्लेस या संशोधकांनी या ‘ग्रास टेटनी’त रक्तातील मॅग्नेशियम घटते, हे दाखवून दिले. कोवळ्या गवतातील भरपूर पोटॅशियम कोटीपोटात मॅग्नेशियमचे शोषण रोखते, हे पुढे उलगडले. हाडांत साठा असतो. परंतु प्रौढ गायीत तो पुरेशा वेगाने रक्तात उतरत नाही. म्हणून हे खनिज रोजच्या आहारातूनच मिळावे लागते. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस 1664’ या मानकातही पशुखाद्याच्या खनिज मिश्रणात मॅग्नेशियमचे किमान प्रमाण ठरवलेले आहे. हिरवा चारा मुबलक असला, तरी खनिज मिश्रण अनावश्यक ठरत नाही.