शापाची शिळा आणि पुराव्याची कसोटी

युरोपांत सतराव्या शतकापासून जें बुद्धिवादी तत्त्वज्ञान वाढीस लागलें, त्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा ग्रंथांच्या नांवांनीं सांगितला जातो. देकार्तनें १६३७ सालीं संशयाला ज्ञानाच्या दारांत आणून बसविलें. स्पिनोझानें १६७० मध्यें बायबल हें मनुष्यांनीं विशिष्ट काळीं लिहिलेलें पुस्तक म्हणून वाचावें, असें प्रतिपादिलें. लॉकनें १६८९ मध्यें राजसत्तेचा अधिकार प्रजेच्या जीवितावर व वित्तावर चालतो, आत्म्यावर चालत नाहीं, असें बजाविलें. हें सारें खरें. परंतु हे विचार आपल्या गांवीं कोणत्या वाटेनें आले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं. आमच्या मतें ते पुस्तकांतून जितके आले, त्याहून अधिक कचेरीच्या तपासणींतून आणि शिलालेखांच्या ठशांतून आले. याची साक्ष पाहावयाची तर कल्याणच्या पलीकडे, वालधुनीच्या कांठीं उभें असलेलें अंबरनाथचें देऊळ पुरेसें आहे.

हें देऊळ पांडवांनीं एका रात्रींत बांधलें व उजाडल्यामुळें तें अपुरें राहिलें, ही कथा त्या भागांत सर्वतोमुखीं आहे. गाभाऱ्यावर आज आकाश उघडें दिसतें, त्यामुळें कथेस पुरावा डोळ्यांसमोरच आहे, असें भाविकांस वाटावें यांत नवल नाहीं. परंतु देवळाच्या उत्तर द्वाराच्या तुळईवर एक लेख कोरलेला आहे, आणि त्यांत भीमार्जुनांचें नांव नसून उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील महामंडलेश्वर माम्वाणि याचें व त्याच्या अधिकाऱ्यांचें नांव आहे.

त्या काळचें राज्य आणि धर्म हीं दोन नव्हतींच. राजा देऊळ बांधी, देवळास व ब्राह्मणांस जमीन देई, आणि दिलेलें दान पुढील राजांनीं मोडूं नये म्हणून ताम्रपटाच्या अखेरीस नरकवासाचा धाक घाली. ज्यास ताम्रपट वाचतां येत नसे त्याच्यासाठीं 'गद्धेगाळ' असे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत अशा शिळा अनेक सांपडल्या आहेत. वर चंद्र व सूर्य, आणि खालीं दान मोडणाराच्या मातेची गर्दभाकडून होणारी विटंबना. याहून अधिक वर्णन या पानांत करण्याचें कारण नाहीं. आज ही शिळा पाहून आपण तोंड फिरवितों. तथापि तिचा अर्थ ध्यानांत घेण्यासारखा आहे. राजाच्या शब्दामागें त्याची तरवार त्याच्या हयातीपुरतीच उभी राहणार. त्यानंतर उभा राहणार तो शाप. शाप हाच त्या राज्याचा कायमचा कायदा होता.

आतां आठशें वर्षांनंतरचा प्रसंग पाहा. १८६८ मध्यें मुंबई सरकारनें येथें चित्रकार व ठसे घेणारे कारागीर धाडले. देवळाचीं मापें, चित्रें, छायाचित्रें तयार झालीं. पूजा कोणी थांबविली नाहीं. परंतु ज्या भिंतीस हात जोडावयाचे तिच्यावर आतां मोजपट्टी लागली. याच सुमारास हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं वाचला. भाऊ दाजी हे त्या पिढींतील थोर नांव: डॉक्टर, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते, मुंबईचे शेरीफ, आणि प्राचीन लेखांचे अधिकारी वाचक. त्यांनीं लेखाचा शक ७८२ असा लाविला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासला व शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निर्णय दिला. तोच आज सर्वमान्य आहे.

एका अंकाचा हा फेर कित्येकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो त्या शतकांतील अनेक सभा-संमेलनांहून मोलाचा वाटतो. कारण भगवानलाल हे जुनागडहून आलेले, भाऊ दाजींच्याच आश्रयानें तयार झालेले. देशभर हिंडून लेखांच्या नकला त्यांनीं आणल्या त्या भाऊ दाजींसाठीं. आपल्या परंपरेंत गुरूचें वचन चुकलें असें शिष्यानें म्हणावयाचें झाल्यास भाष्याची, टीकेची, अर्थ फिरविण्याची वाट असे. येथें तशी वाट धरावी लागली नाहीं. दगडावर नऊ आहे कीं सात, एवढाच प्रश्न. गुरूविषयींचा आदर ढळला नाहीं आणि अंक मात्र बदलला. आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष व अनुमान यांस प्रमाणांत मानाचें स्थान दिलें होतें, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु त्यांच्या मागून शब्दप्रमाणही येई, आणि धर्माच्या गोष्टींत बहुधा तेंच पुढें बसे. नव्या पद्धतीनें शब्दासही साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें.

सरकारी बाजूची हकीकत इतकी निर्मळ नाहीं. दानाच्या जमिनी कोणाच्या, हें शापावर न सोडतां कागदावर ठरवावें, हें तत्त्व मुंबई इलाख्यांत १८५२ च्या अकराव्या कायद्यानें व इनाम कमिशननें अमलांत आणलें. सनद दाखवा, वहिवाट दाखवा. नाहीं तर जमीन सरकारजमा. यांत कित्येक लटकीं इनामें उघडीं पडलीं, परंतु पिढ्यांच्या उलथापालथींत ज्यांचे कागद जळाले अगर हरवले त्यांचीही घरें बसलीं. बुद्धीची कसोटी येथें तिजोरीच्या चाकरीस लागली. शिवाय इंग्रज सरकारनें ती कसोटी प्रजेच्या हक्कांस लाविली, स्वतःच्या राज्याच्या हक्कास कधीं लाविली नाहीं.

ती लावण्याचें काम एतद्देशीयांस करावें लागलें. जोतीराव फुल्यांनीं १८४७ मध्यें टॉमस पेनचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक वाचलें आणि १८७३ मध्यें सत्यशोधक समाज स्थापिला. भटजीच्या मध्यस्थीचा दाखला काय, हा त्यांचा प्रश्न इनाम कमिशनच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ होता, फक्त विचारणारा शूद्रातिशूद्रांच्या बाजूचा होता. आगरकरांनीं १८८८ पासून 'सुधारका'त तोच प्रश्न उच्चवर्णीयांच्या घरांत, विधवेच्या केशवपनापर्यंत, नेला. १९४७ च्या मुंबईच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यानें अस्पृश्य गणलेल्यांस देवळाचें दार उघडलें, तें शास्त्राधार दाखवून नव्हे, नागरिकत्वाच्या हक्कानें. विश्वासाच्या इतिहासांत एवढी मोठी उलटापालट दुसरी नाहीं, असें आम्हांस वाटतें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं अंबरनाथच्या शेजारीं एक नवें नगर जन्मास आलें. महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले होते; १९४९ मध्यें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. माम्वाणीचें राज्य देऊळ बांधून स्थापित झालेलें. या राज्यानें बराकी दिल्या, शिधापत्रिका दिल्या, वस्तीस एक, दोन, तीन असे कॅंपांचे आंकडे दिले, आणि देव ज्याचा त्यानें आणावा असें ठरविलें. लोकांनीं तो आणला. झुलेलालाचीं मंदिरें व गुरु नानकांचे दरबार लोकवर्गणीनें उभे राहिले. श्रद्धा यामुळें उणी झाली नाहीं, उलट अधिक घरगुती झाली. लॉक असता तर त्यास हें पाहून समाधान वाटलें असतें. एक स्टेशन पलीकडे गेलें कीं बदलापूर. शिवाजीमहाराजांच्या स्वारीचे घोडे येथें बदलत म्हणून हें नांव, असें तेथील वृद्ध सांगतात. गोष्ट गोड आहे, पण ती ऐकून "कोणत्या कागदांत?" असें विचारणारें पोर हल्लीं प्रत्येक घरांत असतें, आणि आजोबांस त्याचा राग येतो, तसा थोडा अभिमानही वाटतो.

हा प्रश्न विचारण्याची किंमत मात्र अजून चुकवावी लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झगडले त्याचा वटहुकूम सरकारनें त्यानंतर कांहीं दिवसांतच काढला. जो शाप एके काळीं शिळेवर कोरला जाई, तो आतां पिस्तुलांतून सुटतो.

अंबरनाथचें देऊळ आज पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे, आणि पूजाही चालूच आहे. महाशिवरात्रीस हजारों माणसें येतात. उत्तर द्वाराच्या तुळईकडे फारसें कोणी मान वर करून पाहत नाहीं. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरतांना नजर पायांकडे ठेवावी लागते.