श्रीपत शेषाद्रीचा खटला

मंडी मोहल्ल्यातून लष्कर मोहल्ल्याकडे निघाले की सेंट फिलोमिना चर्चचे जुळे मनोरे दृष्टीस पडतात. या चर्चची कोनशिला १९३३ साली महाराज कृष्णराज वडेयर (चौथे) यांनी स्वहस्ते बसविली. मिशनच्या वास्तू सर्वत्र अशा सलोख्याने उभ्या राहिल्या नाहीत. चीनमध्ये तिएन्त्सिन येथे २१ जून १८७० रोजी जमावाने फ्रेंच चर्च जाळले आणि कॉन्सल फाँतानिए व दहा धर्मभगिनी यांच्यासह सुमारे वीस परकीयांचे प्राण घेतले. अनाथालयासाठी मुले पळविली जातात, अशी अफवा उठली होती. चौकशीअंती ती निराधार ठरली. पण तोवर राख झाली होती.

मिशनच्या घरात असलेल्या एका मुलावरून त्यापूर्वी सत्तावीस वर्षे आपली मुंबईही खवळली होती. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या आसपास, हाही नेस्बिट यांच्याच घरी राहत होता. त्याला बाप्तिस्मा मिळाला नव्हता. पित्याने सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा बापाच्या हवाली केला. १८३९ साली धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणास त्याच कोर्टाने स्वेच्छेने जाण्याची मोकळीक दिली होती. आपल्या खटल्याच्या वेळी त्याचे वय श्रीपतच्या खटल्यावेळच्या वयापेक्षा चार-पाच वर्षांनी अधिक होते.

आमचे आयुष्य सरकारी कचेरीत गेल्यामुळे असे काही वाचताना आमची नजर प्रथम अधिकारक्षेत्राकडे जाते. चीनमध्ये तहांमुळे परकीय माणूस तेथील न्यायाधीशाच्या कक्षेबाहेर होता. १८६० च्या फ्रेंच तहाच्या चिनी मसुद्यात मिशनऱ्यांना जमीन खरेदीचाही हक्क दिलेला होता. कागाळी न्यावी कोणाकडे? मुंबईत न्यायमूर्ती परकीयच होते, हे खरे. परंतु नेस्बिटसाहेबांनाही त्यांच्यापुढे उभे राहावेच लागले. पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला, तेव्हाही विरोध झाला तो प्रामुख्याने अर्जांच्या रूपाने.

असो. मुलगा बापाच्या हाती आला आणि खरी कसोटी येथून पुढे लागली. त्याने ख्रिस्त्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते. त्याला पंक्तीस घ्यावे कसे? ज्या समाजाने मुलगा परत मागितला, त्याच समाजातील सनातनी मंडळी आता दार लावून बसली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या शुद्धीची व्यवस्था केली. त्यापायी ज्ञातीचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एवढा मोठा विद्वान एका पोराच्या जेवणाच्या पानासाठी झगडतो, हे चित्र आम्हांस त्यांच्या साऱ्या ग्रंथसंपदेहून अधिक मोलाचे वाटते. परमुलखात मुले वाढविणाऱ्या आम्हां मंडळींना दाराबाहेर थांबलेल्या त्या मुलाची ओळख निराळी करून द्यावयास नको.

बाळशास्त्री मे १८४६ मध्ये निवर्तले. थोरले बंधू रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. त्याची जमीन त्यांना सालारजंगांच्या सरकारनेच दिली होती.