चौकटीची किंमत आणि माणसाची पत

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना आपण सत्याग्रह, परिषदा, मोर्चे, ठराव यांची नोंद करतो. दुकानाची नोंद करीत नाही. एका माणसाने चालवलेले, दहा बाय आठ फुटांचे, जुन्या तसबिरी विकत घेऊन विकणारे आणि नव्या मढवून देणारे दुकान इतिहासाचा विषय होऊ शकते, असे आपल्याला वाटत नाही. वर्धा जिल्ह्यात मी इतिहास शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझे म्हणणे असे आहे की, पूर्वास्पृश्याने स्वतःच्या मालाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगणे आणि ती सर्वांना सारखी सांगणे ही आपल्या मुक्तीच्या इतिहासातील एक घटना आहे. तिच्याकडे आपले लक्ष गेले पाहिजे.

व्यापार भांडवलावर चालतो हे अर्धेच खरे. तो पतीवर चालतो. जातिव्यवस्थेत पत ही वारशाने मिळणारी वस्तू आहे. एकाला ती जन्मतः मिळते, दुसऱ्याने आयुष्यभर कमावली तरी जात कळताच ती बुडते. याचा पुरावा खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. 1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईस परतले आणि शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरले आणि व्यवसाय बंद पडला. पुढे 1920 मध्ये ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे मोजून जाहिरात द्यायची तयारी असूनही ‘केसरी’ने ती घेतली नाही. म्हणजे आपले ज्ञान विकत घ्यायला कोणी तयार नव्हते आणि आपला पैसा घ्यायलाही तयार नव्हते. बाजार सर्वांना खुला असतो, असे म्हणणाऱ्यांनी या दोन घटनांचे उत्तर दिले पाहिजे.

तरीही आपल्याला व्यापाराची परंपराच नाही, हे म्हणणे या भागापुरते तरी खरे नाही. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. रसेल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या जातिविषयक ग्रंथात या प्रांतातील महारांचा जाडेभरडे कापड विणणारे म्हणून उल्लेख आहे. कापसाचा हा मुलूख. हिंगणघाटचा कापूस तर दूरवर नावाजलेला. माणूस विटाळाचा, पण त्याने विणलेले कापड मात्र चालत असे! गिरणीच्या कापडाने हा धंदा मोडला आणि विणकर मजूर झाला.

याच वर्ध्यात 1928 मध्ये लक्ष्मीनारायणाचे देऊळ अस्पृश्यांसाठी उघडले गेले. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत त्याचे काम चालले. वस्तू कशी तयार करावी याचा तेथे कळकळीने विचार झाला. ती वस्तू कोणाच्या हातून घेतली जाईल, हा प्रश्न मात्र आपला होता आणि तो आपल्यालाच सोडवावा लागला.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि जेमतेम पाऊणशे किलोमीटरवरच्या आमच्या घरांच्या भिंती बदलल्या. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या प्रतिज्ञांनी देव नाकारले. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढल्यापासून देवांच्या छापील तसबिरी घरोघर जाऊ लागल्या होत्या. आता त्या उतरल्या. पण चौकट आणि काच महाग. ती कोण फेकणार? मागच्या चुका उपसायच्या, पुठ्ठा काढायचा, आतले चित्र बाजूला ठेवायचे आणि त्याच काचेखाली भगवान बुद्ध किंवा बाबासाहेब बसवायचे. धर्मांतराचे हे काम करवत, गुण्या आणि हातोडी घेऊन बसलेल्या कारागिराने केले. त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

असे एक दुकान माझ्या माहितीत आहे. मालक एकटाच, नोकर नाही, भागीदार नाही. मी एकदा बारा बाय सोळा इंचांची तसबीर मढवायला नेली. चारही बाजूंची बेरीज छप्पन्न इंच होते, असा माझा हिशेब. त्याने चौसष्ट इंच पट्टीचे पैसे सांगितले. मी विचारले, “भाऊ, आठ इंच जास्त कसे?” तो म्हणाला, “सर, पट्टी कोपऱ्यात खाल्ल्या जाते. मोजून पाहा न.” एक इंच रुंदीची पट्टी पंचेचाळीस अंशांत कापली, की चौकटीची बाहेरची बाजू दोन इंचांनी वाढते. चार बाजूंचे आठ इंच. त्याने ते माझ्यासमोर कापून दाखवले. तो सहा फूट म्हणाला असता तरी मी दिले असते, कारण मला कळत नव्हते. गिऱ्हाइकाला जे कळत नाही तेथेच दुकानदाराची नीती कळते.

जुन्या मालाच्या विक्रीत ही परीक्षा अधिक कठीण असते. देवदाराला रंग देऊन सागवान म्हणता येते. आजचा छाप चहाच्या पाण्यात भिजवून रविवर्म्याच्या छापखान्यातला म्हणून विकता येतो. घर मोडताना एखादी म्हातारी जुनी तसबीर रद्दीच्या भावात देऊन जाते. तिची खरी किंमत तिला सांगायची की नाही? मढवायला आलेले छायाचित्र मोठे असेल, तर चौकटीत बसावे म्हणून त्याची कड कापायची का? त्या कडेवरच कदाचित आजोबांचे नाव आणि साल लिहिलेले असते. आपल्या वस्त्यांत लेखी कागद थोडे. ज्या घरात दुसरा दस्तऐवज नाही तेथे ते छायाचित्र हाच दस्तऐवज आहे. हा दुकानदार कड कापत नाही. जुने ते जुने म्हणून विकतो, नवे ते नवे म्हणून. कोणी न्यायला आले नाही तरी माणसांची छायाचित्रे तो विकत नाही.

बुद्धाने उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. तसबिरींचा धंदा त्यात येत नाही. पण दीघ निकायात खोटा तराजू आणि खोटे माप यांचाही निषेध आहे. चौसष्टाचे बहात्तर करणे हे खोटे मापच. बावीस प्रतिज्ञांतही चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. आधीच्या प्रतिज्ञांनी चौकटीतले चित्र बदलले. या प्रतिज्ञांनी ती चौकट कशी विकायची ते सांगितले. पहिला भाग आपण घोषणांत ठेवला. दुसरा भाग या दुकानदाराने रोजच्या व्यवहारात ठेवला.

कोणी म्हणेल, हजारो वर्षे लुटल्या गेलेल्या समाजाने प्रामाणिकपणाचे ओझे का वाहावे? प्रश्न रास्त आहे. पण फसवणूक करून श्रीमंत होण्याची संधीही या व्यवस्थेत समान नाही. दुसऱ्याने फसवले तर तो एक माणूस लबाड ठरतो. आपल्यातल्या एकाने फसवले तर सारी वस्ती लबाड ठरते. हा अन्याय आहेच. म्हणून मी त्याच्या सचोटीला नम्रता म्हणत नाही. ज्यांनी आपल्याला विश्वासास अपात्र ठरवले त्यांच्याविरुद्ध रोज सादर होणारा तो पुरावा आहे.

आणि आपण काय करतो? 1978 मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळ भांडवल देऊ शकते, पत देऊ शकत नाही. ती गिऱ्हाईक देते. पगारदार झालेले आपण मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देतो आणि या दुकानात ‘आपला माणूस’ म्हणून घासाघीस करतो, उधारी ठेवतो. आपलेपणाचा अर्थ त्याच्या घामातली सूट असा असेल, तर बलुतं मागे पडले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्याने सांगितलेली खरी किंमत वेळेवर आणि पूर्ण देणे हेही चळवळीचे काम आहे. ते करायला परिषद भरवावी लागत नाही.