एका पट्टीची कुळकथा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझ्या कादंबरीचे अकरावे प्रकरण तिसऱ्यांदा लिहून होत आले होते. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत आणि पुन्हा जेवणे उरकल्यावर तास-दोन तास, असा तीन आठवडे मी त्या प्रकरणाला जुंपलेला होतो. मी लिहितो तो एका जुन्या, मांडीवर मावणाऱ्या संगणकावर. त्याचा पडदा रुंदीला ऐसपैस, उंचीला मात्र खुजा. त्यात आपल्या देवनागरीचा प्रपंच मोठा. डोक्यावर मात्रा, वेलांट्या नि रफार, पायाशी उकार. इंग्रजीच्या ओळी जितक्या अंग चोरून बसतात, तितक्या आपल्या बसत नाहीत. एका वेळी सतरा-अठरा ओळी दिसल्या तर नशीब!

एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. माझे लिहिणे पाहत तो मागे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ही वरची पट्टी कशाला ठेवलीत? नुसती जागा अडवतेय. लपवून देऊ? आणखी एक ओळ दिसेल."

संगणकावर कोणतेही काम उघडले, की ते एका चौकटीत उघडते. तिला खिडकी म्हणतात. या खिडकीच्या माथ्यावर एक आडवी पट्टी असते. तिच्यावर त्या कामाचे नाव असते आणि टोकाला खिडकी बंद करण्याची फुली. ही ती शीर्षकपट्टी. मुलाने कुठेशी एक खूण केली आणि खिडकी पडदाभर पसरताच पट्टी नाहीशी झाली. कागद वर सरकला. खाली खरोखरच एक ओळ जास्त दिसू लागली. मला कोण आनंद झाला!

पुढे दहा-बारा दिवसांनी, रात्री, मी अकराव्या प्रकरणाचे दोन खर्डे उघडून बसलो होतो. एक जुना, एक नवा. दोन्ही पडदाभर पसरलेले, दोन्हींची सुरुवात अक्षरश: एकच. जुन्यातली हवी ती वाक्ये नव्यात घेऊन झाली. आता हे जुने लचांड कशाला ठेवायचे, म्हणून सगळा मजकूर निवडला, पुसला, जतन केला आणि खिडकी मिटली. मग उरलेल्या खिडकीत पाहतो तो काय, जुने प्रकरण माझ्याकडे पाहत होते! पुसले होते ते नवे. तीन आठवड्यांचे काम एका ओळीच्या लोभाने गेले. त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी येऊन पुष्कळ खटपट केली. पण गेले ते गेले.

मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही आणि संगणकाचे शास्त्र मला कोणी शिकवलेले नाही. पण मास्तरकीची खोड अशी, की ज्या पायरीला ठेच लागली ती पायरी तिथे कोणी नि का बांधली, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून या पट्टीची कुळकथा शोधू लागलो. ती वाचकांनाही रंजक वाटेल अशी आहे.

तिचे माहेर अमेरिकेतले. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो या गावी झेरॉक्स कंपनीने १९७० साली एक संशोधनकेंद्र काढले. तिथे १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदासारखा उभा होता. रुंदी ६०६ बिंदू आणि उंची ८०८ बिंदू. पडद्यावरचे चित्र अशा बारीक बिंदूंचेच बनलेले असते, आणि तिथली सगळी मोजमापे बिंदूंतच होतात. एवढ्याशा जागेत चार कामे शेजारी शेजारी मांडणे शक्य नव्हते. तेव्हा ॲलन के, डॅन इंगॉल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 'स्मॉलटॉक' या आपल्या भाषेत एक तोड काढली. टेबलावर आपण कागद एकावर एक टाकतो, तशा खिडक्या एकीवर एक टाकायच्या. हवी ती वर ओढायची. म्हणजे खिडक्या एकमेकींवर रचण्याची युक्ती मुळात निघाली, ती जागा वाचवण्यासाठीच!

पण कागद एकावर एक पडले, की खालचा कोणता हे कळेनासे होते. म्हणून स्मॉलटॉकच्या खिडकीला डाव्या बाजूस, माथ्यावर, नावाची एक छोटी चिठ्ठी असे. कचेरीतल्या फायलीला वर जीभ काढलेली असते ना, तशी. आपल्या शीर्षकपट्टीची ही आजी. जागा वाचवायची म्हणून खिडक्या रचल्या आणि रचल्या म्हणून नाव लिहायला जागा द्यावी लागली, असा हा व्यवहार होता.

याच कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या कर्त्यांनी निराळेच पाहिले. माणसे काम करण्याऐवजी खिडक्या सारख्या करण्यातच वेळ घालवतात, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी कामाच्या खिडक्या एकमेकींवर चढू न देता फरशांसारख्या शेजारी शेजारी बसवल्या. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज'ची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली, तीतही मुख्य खिडक्या अशाच फरशीबंद होत्या. त्या एकीवर एक पडू लागल्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून. पण गंमत अशी, की खिडक्या एकमेकींना झाकत नसतानाही या दोन्ही ठिकाणी माथ्यावरचे नाव राहिलेच. शेजारी बसलेल्यालाही नाव लागतेच की!

मधल्या काळात, २४ जानेवारी १९८४ रोजी, ॲपल कंपनीचा 'मॅकिन्टॉश' आला. त्याचा पडदा अवघा नऊ इंची. ५१२ बिंदू रुंद आणि ३४२ बिंदू उंच. त्यात पडद्याच्या माथ्यावरची आज्ञांची पट्टी वीस बिंदूंची आणि तिच्याखाली खिडकीची शीर्षकपट्टी जवळजवळ तेवढीच. म्हणजे उंचीचा आठवा-नववा हिस्सा या दोघींनीच खाल्ला. त्यातून हा संगणक तेव्हा एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी. आजच्या हिशेबी माणसाला ही चैन वाटेल. पण त्या पट्टीकडून किती कामे करून घेतली होती पाहा. मध्यभागी नाव. डाव्या टोकाला बंद करण्याची चौकट. नावाच्या दोन्ही बाजूंना बारीक आडव्या रेघा. ज्या खिडकीत आपण लिहीत असू तिलाच त्या रेघा असत, मागच्या खिडक्यांच्या पट्ट्या कोऱ्या. आणि पट्टी धरून ओढली की खिडकी हलायची. थोडक्यात, ती पट्टी नाव होती, मूठ होती आणि दारही होती.

मूठ आणि दार यांना जागा बदलता येते. नावाचे मात्र तसे नाही, हे पुढच्या इतिहासात दिसते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' आले. त्यात पट्टीच्या उजव्या टोकाला फुली बसली, आणि पडद्याच्या तळाशी उघड्या कामांची एक रांग आली. त्या रांगेत नावे लिहायला जागा चिंचोळी. लांब नाव शेपटाकडून कापले जाई. आधीच्या आवृत्तीत शीर्षकावर अगोदर प्रोग्रॅमचे नाव आणि मग कागदाचे नाव असे. आता तो क्रम उलटवून कागदाचे नाव पुढे आणले. का, तर कापले गेलेच तर प्रोग्रॅमचे जावो, कागदाचे राहो. ज्यांना हे सुचले, त्यांनी माझ्यासारख्याची रात्र आधीच पाहिली असावी.

मग पट्टी नकोशी का झाली? याचे उत्तर पडद्याच्या आकारात आहे. पूर्वी १०२४ रुंद आणि ७६८ उंच असा पडदा सर्रास असे. पुढे सिनेमासारखे आडवे पडदे आले आणि मांडीवरच्या संगणकांत १३६६ रुंद, ७६८ उंच हे माप घरोघर झाले. रुंदी ३४२ बिंदूंनी वाढली. उंची एका बिंदूनेही नाही. (योगायोग असा, की ३४२ ही पहिल्या मॅकिन्टॉशची सबंध उंची!) २००७ साली आसुस कंपनीचा सात इंची 'ई पीसी' निघाला, त्याची उंची तर ४८० बिंदू. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला जागा हवी असते ती उंचीत, आणि पट्ट्या सगळ्या आडव्या. मग कात्री लागणार ती त्यांनाच.

ती लागलीही भराभर. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलच्या 'क्रोम'ने विंडोजवर आपली पाने चाळायच्या जिभा थेट शीर्षकपट्टीच्या जागेत चढवल्या. त्याच सुमारास 'उबुंटू' या फुकट मिळणाऱ्या प्रणालीची छोट्या संगणकांसाठीची आवृत्ती आली. तीत खिडकी आपोआप पडदाभर पसरे आणि तिची पट्टी उडे. २०११ हे साल तर पट्टीला फारच कठीण गेले. मार्चमध्ये 'फायरफॉक्स'च्या चौथ्या आवृत्तीने क्रोमचा कित्ता गिरवला. एप्रिलमध्ये उबुंटूने आपल्या मुख्य आवृत्तीतच पसरलेल्या खिडकीची पट्टी माथ्यावरच्या पट्टीत विलीन केली. जुलैमध्ये ॲपलने खिडकी सबंध पडदा व्यापेल आणि वर काहीच उरणार नाही, अशी सोय दिली. २०१३ साली 'ग्नोम'वाल्यांनी शीर्षकपट्टी आणि तिच्याखालची बटणांची पट्टी यांचे लग्नच लावून टाकले.

या सगळ्यांना वेडे ठरवण्याचा माझा इरादा नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. खिडकी पडदाभर पसरली, म्हणजे ती हलवायची कुठे? मूठ निरुपयोगी झाली. बंद करण्याची फुली पडद्याच्या अगदी कोपऱ्यात गेली तर उलट सोयीचीच. कारण दर्शकबाण पडद्याच्या कडेपलीकडे जाऊच शकत नाही, हात कसाही भिरकावला तरी तो कोपऱ्यात जाऊन थांबतो. दोन कामांची अशी सोय लागली. तिसरे काम नावाचे. समोर दिसते आहे त्याला नाव कशाला, असे वाटले आणि ते गेले.

आणखी एक गोष्ट मला या शोधात कळली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एम. आय. टी. मध्ये, १९८४ साली 'एक्स' नावाची खिडक्यांची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात प्रोग्रॅम आपले नाव फक्त सांगतो. चौकट करून तिच्यावर ते नाव लिहिणारा दुसराच प्रोग्रॅम असतो. शाळेच्या दाखल्याचे असेच आहे. मुलगा नाव सांगतो. लिहून शिक्का मारणारा कारकून वेगळा. म्हणून आतला प्रोग्रॅम अडून बसला तरी त्याची खिडकी बाजूला सारता येते, कारण पट्टी त्याच्या मालकीची नसते. पट्टी लपवा म्हणून प्रोग्रॅम विनंती करू शकतो, आणि अलीकडे पुष्कळ प्रोग्रॅम कारकुनाला बाजूस सारून आपली पट्टी आपणच रंगवतात. एखादे पान सबंध पडदा व्यापते, तेव्हा तसे झाल्याची सूचना क्षणभर वर झळकते, ती उगीच नाही. वरची खरी पट्टी नाहीशी झाली, की आतल्याला तिथे खोटी पट्टी रंगवायला रान मोकळे होते.

हे वाचत असताना मला आमच्या आजोबांच्या पोथ्या आठवल्या. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पावसात माळ्यावर गळले आणि 'हरिविजय' नि 'पांडवप्रताप' या दोन्ही पोथ्यांचे रुमाल भिजले. आजोबांनी सुटी पाने ओटीवर वाळत घातली आणि वाऱ्याने दोन्हींची सरमिसळ केली. दोन्ही श्रीधराच्या, दोन्ही ओवीबद्ध. कागद एक, टाइप एक. मी रडकुंडीला आलो. आजोबा म्हणाले, "अरे, मजकूर काय वाचत बसलास? समास बघ." प्रत्येक पानाच्या समासात पोथीचे नाव आणि पानाचा आकडा होता. तासाभरात दोन्ही पोथ्या लागल्या. कागद महाग होता, हाताने लिहायचे तेव्हा तर प्रत्येक अक्षराला कष्ट होते; तरी नावाची ती जागा पोथी लिहिणाऱ्याने कधी वाचवली नाही. पान सुटणार, वारा येणार, हे त्याला ठाऊक होते.

मी हे सगळे त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो हुशार आहे. नुसती मान डोलावणारा नाही. म्हणाला, "सर, आम्ही फोनवर वाढलो. तिथे एका वेळी एकच काम समोर असतं, पट्टी नसतेच. कुणाचं काही अडत नाही. शिवाय तुम्ही दोन्ही खर्ड्यांना जवळजवळ एकच नाव दिलं होतं. पट्टी असती तरी तुम्ही वाचली असती का?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मला देता आले नाही. कदाचित नसती वाचली. वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेले नाव माणूस वाचत नाही, हे हजेरी घेणाऱ्या मास्तराला कुणी सांगायला नको. पण शंका आल्यावर नजर टाकायला जागा असणे आणि नसणे, यांत फरक आहे. त्या रात्री पुसण्यापूर्वी क्षणभर मी थबकलो होतो. वर पाहिले होते. वर काहीच नव्हते, थेट प्रकरणाचे पहिले वाक्य होते, आणि ते दोन्हींकडे सारखेच होते.

मी पट्टी परत आणली. माझ्या पडद्यावर ती २८ बिंदूंची आहे. ७६८ मधले २८, म्हणजे माझी बरोबर एक ओळ. खर्ड्यांना आता नीट वेगवेगळी नावे देतो, तारखेसह. विद्यार्थ्याचे तेवढे म्हणणे मी मानले. अकरावे प्रकरण चौथ्यांदा लिहिले. ते पुसलेल्यापेक्षा बरे झाले की वाईट, हे सांगायला पुसलेले आता हाताशी नाही.